शस्त्रक्रियेनंतर मांजराची शुश्रूषा

मांजराच्या पोटावर शस्त्रक्रिया करावयास कुशल पशुवैद्याला पुष्कळदां तासभरही लागत नाहीं. तिचें यश मात्र पुढच्या दहा-चौदा दिवसांवर अवलंबून असतें, आणि ते दिवस घरीं जावयाचे असतात. टोपलींत घालून मांजर घरीं आणलें, दाराची कडी लावली, कीं त्या क्षणापासून शुश्रूषेचा सारा भार घरच्या माणसांवर पडतो. हीं माणसें प्रेमळ असतात, उत्साही असतात आणि बहुधा अननुभवी असतात. अशा वेळीं मांजर दगावतें तें हेळसांडीनें तर दगावतेंच. पण पुष्कळ वेळां तें मायेपोटीं केलेल्या अस्थानीं उपचारानेंही दगावतें. म्हणून या शुश्रूषेचें सूत्र प्रारंभींच सांगून ठेवलेलें बरें : करावयाचें थोडें, पाहावयाचें पुष्कळ.

खानदेशांत जनावरांचा दवाखाना म्हटला, म्हणजे डोळ्यांपुढें उभे राहतात ते बैल, म्हशी आणि शेळ्या. कपाशीच्या व केळींच्या या मुलखांत मांजर पाळलें जाई तें धान्याच्या कोठींतील उंदरांसाठीं. तें आजारी पडलें तर कोनाड्यांत किंवा माळ्यावर जाऊन पडावें, आपोआप बरें व्हावें, नाहीं तर दिसेनासें व्हावें, एवढाच त्याच्या दुखण्याचा इतिहास असे. मुंबईस परळ येथें सर दिनशा पेटिट यांच्या पत्नी साकरबाई यांच्या नांवाचें जनावरांचें रुग्णालय १८८३ सालीं निघालें आणि १८८६ सालीं परळ येथेंच पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालें. त्या विद्येचा लाभ जिल्ह्याच्या गांवच्या मांजरापर्यंत पोहोंचावयास मात्र बराच काळ जावा लागला. आतां जळगांव व धुळें या दोन्ही शहरांत जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे, खासगी पशुवैद्यही आहेत, आणि मांजराला भूल देऊन पोटाची शस्त्रक्रिया करून आणणें ही सुशिक्षित कुटुंबांत अपूर्वाईची गोष्ट राहिलेली नाहीं. विद्या आली, शुश्रूषेची रीत मात्र घरोघर अजून पोहोंचावयाची आहे.

मांजराचें पोट उघडावें लागतें त्याचीं कारणें मुख्यतः चार. पहिलें व सर्वांत अधिक आढळणारें कारण संततिनियमनाचें. मांजरीचा गर्भकाळ सुमारें नऊ आठवड्यांचा. पांच-सहा महिन्यांची झाली नाहीं तोंच ती गाभण राहूं शकते, आणि वर्षांतून दोनतीनदां वीत असते. म्हणून तिचें अंडाशय, व बहुधा गर्भाशयही, काढून टाकतात. दुसरें कारण, गर्भाशयांत पू सांचणें. तिसरें, बोक्याच्या किंवा मांजरीच्या मूत्राशयांत खडा होणें. चौथें कारण ऐकावयास क्षुल्लक, पण प्राणघातक. तें म्हणजे दोरा. संक्रांतीचा मांजा, शिवणाचा धागा, गजऱ्याचा दोरा मांजर खेळतां खेळतां तोंडांत घेतें. त्याच्या जिभेवरील बारीक कांटे घशाकडे वळलेले असल्यामुळें एकदां आंत गेलेला दोरा त्याला सहसा थुंकतां येत नाहीं. तो आंतड्यांत उतरतो. त्याचें एक टोक कोठें तरी अडकलें, म्हणजे नाडी ओढलेल्या परकराप्रमाणें आंतडें चुण्या पडून गोळा होतें, आणि शेवटीं दोऱ्यानेंच चिरलें जातें. पहिल्या कारणासाठीं शस्त्रक्रिया झालेलें मांजर मुळांत धडधाकट असतें. उरलेल्या तिन्ही प्रसंगीं तें आधींच खंगलेलें असतें. त्याला दवाखान्यांत अधिक दिवस राहावें लागतें व घरींही अधिक जपावें लागतें.

बाहेरून दिसणारी जखम दोनतीन बोटें लांबीची असते. पण तिच्याखालीं शिवणीचे थर असतात. सर्वांत आंतला थर पोटाच्या भिंतीचा. आंतडीं जागच्या जागीं धरून ठेवण्याचें काम याच्या टाक्यांवर असतें. त्यावर चरबीचा थर, आणि सर्वांत वर कातडी. आंतील टाके विरघळणाऱ्या दोऱ्याचे असतात व ते काढावे लागत नाहींत. पूर्वीं या कामासाठीं ‘कॅटगट’ नांवाचा दोरा वापरीत. नांवांत मांजराचा उल्लेख असला तरी तो मेंढ्या-गुरांच्या आंतड्यापासून करीत. आतां त्याची जागा बहुतेक कृत्रिम दोऱ्यांनीं घेतली आहे. येथें लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट अशी कीं, पहिले चारपांच दिवस जखमेला स्वतःचें बळ जवळजवळ नसतें. जें काय धरून ठेवलेलें असतें तें टाक्यांनीं. नेमक्या याच दिवसांत, तिसऱ्या-चौथ्या दिवशीं, मांजर हुशारतें, खेळूं लागतें, आणि घरचीं माणसें निर्धास्त होतात. मांजराचा उत्साह पाहून जखमेचें माप काढूं नये. कपाटावरची एकच उडी आंतला टाका तोडण्यास पुरेशी होते.

पहिली रात्र भुलीची. घरीं आणल्यावर मांजर झिंगल्यासारखें चालतें, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारलेल्या असतात, क्वचित् तें विनाकारण गुरकावतें. तें आपल्या माणसांनाही ओळखत नाहींसें वाटतें. मुलांना याचें वाईट वाटतें. हा भुलीचा अंमल आहे, तो उतरतो, हें त्यांना आधींच सांगून ठेवावें. या रात्रीं त्याला मांडीवर, पलंगावर किंवा खुर्चीवर ठेवूं नये; जमिनीवरच मऊ अंथरूण द्यावें. खोलींत अंधुक उजेड ठेवावा व दुसरीं जनावरें दूर ठेवावींत. भुलीनें अंगांतली ऊब कमी झालेली असते, म्हणून अंगावर हलकें पांघरूण घालावें. पण गरम पाण्याची पिशवी थेट अंगाला लावूं नये. गुंगींतलें मांजर चटका बसला तरी बाजूला सरकत नाहीं. पूर्ण शुद्ध येईपर्यंत तोंडांत कांहीं घालूं नये. नीट गिळतां न आल्यामुळें घास किंवा घोट श्वासनलिकेंत जातो. दुसऱ्या घरचीं मांजरें असलीं तर तीं या पाहुण्यावर फिसकारतात, कारण त्याच्या अंगाला दवाखान्याचा वास असतो; एक-दोन दिवस वेगळें ठेवल्यानें तो प्रश्न मिटतो.

खानदेशच्या हवेचा विचार येथें वेगळा करावयास हवा. वैशाखांत जळगांवचा पारा ४५ अंशांच्या घरांत जातो. उलट कित्येक हिवाळ्यांत धुळ्याचा पारा ५-६ अंशांपर्यंत उतरतो. उन्हाळ्यांत पत्र्याखालील किंवा गच्चीलगतची खोली टाळावी. जुन्या धाब्याच्या घरांतील खालची, जाड भिंतींची खोली या कामाला उत्तम. कूलर चालतो त्या खोलींत मांजर ठेवण्यास हरकत नाहीं. मात्र ओलसर झोत थेट अंगावर येऊं नये, कारण जखम कोरडी राहिली पाहिजे. हिवाळ्यांत फरशीवर गोणपाट व त्यावर गोधडी घालावी. खोली कोणतीही असो, तींत चढण्याजोगें कांहीं नसावें. टेबल, रचलेल्या पेट्या, खिडकीचा कट्टा यांतलें जें हलवितां येईल तें हलवावें. मोठा पिंजरा मिळाला तर तो शिक्षा म्हणून न समजतां रोग्याची खाट म्हणून वापरावा. शौचाच्या पाटींत माती किंवा रेती न घालतां फाडलेलें वर्तमानपत्र घालावें; रेतीचे कण जखमेला चिकटतात.

आतां जिभेविषयीं. मांजर आपली जखम चाटतें तें पाहून ‘चाटून बरी करतें’ असें कौतुकानें म्हणण्याची पद्धत आहे. ही समजूत घातक आहे. ज्या कांट्यांनीं तें हाडावरचें मांस खरवडून काढतें, त्याच कांट्यांनीं तें टाकेही उसवतें, आणि तोंडांतले जंतू जखमेंत सोडतें. एका रात्रींत पोट उघडें पडल्याचे प्रकार यामुळेंच घडतात. म्हणून पशुवैद्य मांजराच्या गळ्यांत कर्ण्याच्या आकाराचा पट्टा बांधून देतात. तो घातलेलें मांजर प्रथम मागें मागें सरतें, भिंतींना आदळतें, करुणपणें ओरडतें. तेव्हां घरांतील कोणी तरी कळवळून म्हणतें, ‘काढा हो तें, मुक्या जिवाला किती जाच !’ ही करुणा आवरली पाहिजे. एका दिवसांत मांजराला त्याची संवय होते. पट्ट्याची कड नाकाच्या किंचित् पुढें यावी आणि गळ्याशीं दोन बोटें सरकावीं इतका तो सैल असावा. जेवतांना काढावयाचा असेल तर माणसानें जवळ बसावें आणि जेवण संपतांच पुन्हां बांधावा. पट्टा मुळींच सोसत नसेल, तर जुन्या सुती बनियनाचा किंवा लुगड्याच्या मऊ कापडाचा अंगरखा पोटावर बसेल असा शिवतां येतो. परंतु तो पशुवैद्याला विचारूनच, आणि ओला झाला कीं लगेच बदलावा.

जखम दिवसांतून दोनदां, सकाळीं व संध्याकाळीं, चांगल्या उजेडांत पाहावी. हात लावण्याची गरज नाहीं. पहिल्या एकदोन दिवसांत कडांना किंचित् लाली, थोडी सूज, एखादा सुकलेला रक्ताचा थेंब दिसणें स्वाभाविक आहे. ही लाली दिवसेंदिवस कमी झाली पाहिजे. ती वाढूं लागली, जखम गरम लागूं लागली, तींतून पू किंवा दुर्गंधी येऊं लागली, रक्त ठिबकूं लागलें, कडा विलग झाल्या, किंवा टाक्यांखालीं मऊ फुगा एकाएकीं वाढूं लागला, तर तें पशुवैद्याचें काम. घरीं उपचार करीत बसूं नये. आंघोळ तर टाके निघेपर्यंत मुळींच नको.

येथें घरांतील आजीबाईंचा अधिकार आडवा येतो. अहिराणींत ज्या हळदीला ‘हयद’ म्हणतात ती खरचटल्यावर, कापल्यावर, खोकल्यावर सर्वत्र चालत आली आहे, मग मनीलाच कां नको ? कारण असें कीं, शिवलेल्या जखमेंत कोणतीही भुकटी ही परकी वस्तु असते. ती ओल धरते, कडा जुळूं देत नाहीं, आणि खालीं काय चाललें आहे तें झांकून टाकते. खोबरेल तेल लावलें तर चाटण्याचा मोह मात्र वाढतो. स्पिरिट व आयोडीनचा अर्क जखमेंतील नव्या पेशी जाळतात. पशुवैद्यानें लिहून दिलेलें असेल तेवढेंच लावावें. कांहींच लिहून दिलें नसेल तर कांहींच लावूं नये.

याहूनही भयंकर धोका औषधांच्या डब्यांत असतो. ताप आला, अंग दुखलें, कीं घरोघर घेतली जाणारी पॅरासिटामॉलची गोळी मांजराला विष आहे. एक गोळी मांजराचा प्राण घेऊं शकते. अर्धी किंवा पाव गोळीही निर्धोक नाहीं. याचें कारण समजून घेतलें तर हा नियम कधीं विसरणार नाहीं. शरीरांत शिरलेलीं कित्येक द्रव्यें बाहेर टाकण्यापूर्वीं यकृत त्यांना एक विशिष्ट आम्ल जोडून पाण्यांत विरघळतीं करतें. माणसाच्या व कुत्र्याच्या यकृतांत ही जोडणी सुरळीत चालते. मांजराच्या यकृतांत ती करणारा एक महत्त्वाचा विकर निकामी आहे. आणि हा दोष एकट्या मांजराचा नसून मार्जारकुळाचाच आहे. केवळ मांसावर जगणाऱ्या या कुळाला वनस्पतींतील विषें पचविण्याची फारशी गरज पडली नाहीं, म्हणून ती शक्ति लोपली असावी, असें शास्त्रज्ञ मानतात. सातपुड्यांतील बिबट्या आणि चुलीजवळचें मांजर या बाबतींत सारखेच दुबळे. पॅरासिटामॉल वेळीं बाहेर न पडल्यामुळें त्याचें विषारी रूपांतर रक्तांत सांचतें, रक्ताची प्राणवायु वाहण्याची शक्ति जाते, हिरड्या काळसर-तपकिरी पडतात, तोंड व पंजे सुजतात, आणि मांजर गुदमरून मरतें. ॲस्पिरिनही याच कारणानें मांजराच्या अंगांत फार काळ रेंगाळते. तात्पर्य, माणसांच्या डब्यांतील कोणतीही वेदनाशामक गोळी मांजराला नाहीं. वेदनेसाठीं मांजराला देण्याजोगीं निराळीं औषधें आहेत. तीं पशुवैद्यानेंच वजन पाहून द्यावयाचीं असतात.

याच दुबळेपणाचा दुसरा परिणाम फरशीवर दिसतो. जोसेफ लिस्टर यानें १८६७ सालीं कार्बोलिक आम्लानें जखमा निर्जंतुक करण्याची रीत प्रसिद्ध केली आणि शस्त्रक्रियेंत नवें युग सुरू झालें. पण त्या आम्लाच्या वर्गांतील द्रव्यें मांजराला बाधतात. फिनाईल, डेटॉल यांनीं पुसलेल्या फरशीवरून मांजर चालतें, मग पंजे चाटतें, आणि विष पोटांत जातें. रोग्याची खोली या दिवसांत साबणाच्या पाण्यानें धुवून, साध्या पाण्यानें पुसून, वाळवून ठेवावी.

अन्नाचा प्रश्न यानंतरचा. पूर्ण शुद्धीवर आल्यावर, पशुवैद्यानें सांगितलेल्या वेळीं, नेहमींच्या अन्नाचा पाव हिस्सा द्यावा. तो ओकला नाहीं तर कांहीं तासांनीं पुन्हां थोडा. आंतड्यावर शस्त्रक्रिया झाली असेल तर अन्न काय, केव्हां व किती हें पशुवैद्यच ठरवील. दुधाची वाटी पुढें करण्याची घाई नको. मोठ्या मांजरांपैकीं कित्येकांना दुधांतली साखर पचत नाहीं. त्यांना जुलाब होतात, आणि जुलाबानें आधींच अशक्त झालेल्या शरीरांतलें पाणी जातें. खानदेशी स्वयंपाकांतील काळा मसाला, कांदा, लसूण यांचा स्पर्श झालेला रस्सा तर मुळींच नको. कांदा-लसणांतील द्रव्यांनीं मांजराच्या रक्तांतील तांबड्या पेशी फुटतात. अंडें किंवा मासा-कोंबडी खाणाऱ्या घरांत बिनमिठाचें, बिनहाडांचें, उकडलेलें मांस कोमट करून दिलें तर त्याच्या वासानें भूक चाळवते. शाकाहारी घरांनीं या दिवसांत तयार मिळणारें मांजरांचें ओलें अन्न आणावें. त्यांत संकोच मानूं नये. वरण-भातावर मांजर जगतें असें दिसतें खरें, पण तें बाहेर उंदीर-पाखरें मारून उणीव भरून काढीत असतें. टॉरिन नांवाचें द्रव्य त्याला मांसांतूनच मिळतें. त्याच्या अभावानें मांजराची दृष्टि जाते हें १९७५ सालीं, आणि हृदय दुबळें होतें हें १९८७ सालीं सिद्ध झालें. खोलींत बंद असलेल्या रोग्याला उंदीर कोठून मिळणार ?

मांजराला उपास सोसत नाहीं, हें येथें ठासून सांगितलें पाहिजे. ‘लंघन केलें कीं बरें वाटेल’ हा माणसाचा नियम त्याला लावूं नये. दोनतीन दिवस पोटांत अन्न गेलें नाहीं, तर अंगांतली चरबी यकृतांत येऊन साठूं लागते आणि यकृत काम करीनासें होतें. लठ्ठ मांजराला हा धोका अधिक. म्हणून घरीं आल्यापासून चोवीस तासांत त्यानें कांहींच खाल्लें नाहीं, तर वाट न पाहतां पशुवैद्याला कळवावें. तोंड उघडून बळेंच घास कोंबूं नये.

मांजर आपलें दुखणें लपवितें. रानांत दुबळेपणा दाखविणारें जनावर दुसऱ्याचें भक्ष्य होतें. ती उपजत वृत्ति घरांतही सुटत नाहीं. तें कण्हत नाहीं, म्हणून तें सुखांत आहे असें मानूं नये. पाठ उंच करून व पाय पोटाखालीं घेऊन बसणें, डोळे अर्धवट मिटलेले, कान बाजूला पडलेले, अंग साफ करण्याचें सोडून देणें, कोपऱ्यांत तोंड घालणें, पोटाकडे हात नेतांच गुरकावणें, हीं वेदनेचीं चिन्हें होत. तें घुरघुरतें म्हणून समाधान मानूं नये. मांजर सुखांत घुरघुरतें तसें दुःखांतही घुरघुरतें.

यासाठीं एक साधी वही करावी. तारीख, खाल्लें किती, पाणी प्यालें का, लघवी किती वेळां, शौच झालें का, जखम कशी दिसली, औषध कितीला दिलें, असे रकाने आंखावेत. वही लिहिण्याचें काम घरांतील शाळेंत जाणाऱ्या मुलाकडे सोंपवावें. तें हौसेनें करतें, आणि निरीक्षण म्हणजे काय तें शिकतें. शौच दोनतीन दिवस न झालें तर घाबरण्याचें कारण नसतें. पण बारा तासांत लघवी दिसली नाहीं, किंवा मांजर पाटींत वारंवार बसून रिकामें उठूं लागलें, तर तातडीनें हालचाल करावी. बोक्याच्या बाबतींत तर क्षणाचाही विलंब नको. मांजर निजलेलें असतांना मिनिटांतील श्वास मोजावे. ते साधारण १५ ते ३० असतात. अंगाचें प्राकृत उष्णतामान सुमारें १००.५ ते १०२.५ अंश फॅरनहीट, म्हणजे माणसाहून अधिक. त्यामुळें हाताला गरम लागलें एवढ्यावरून ताप ठरवूं नये. ओठ उचलून हिरड्यांचा रंग पाहावा. त्या गुलाबी असाव्यात. पांढऱ्याफटक असतील तर आंत रक्तस्राव होत असण्याचा संभव असतो.

पांढऱ्या किंवा काळसर हिरड्या, तोंड उघडें टाकून धापा, पुन्हां पुन्हां ओकारी, फुगलेलें कडक पोट, उभें राहण्याची शक्ति नसणें, जखमेंतून आंतला भाग बाहेर येणें, यांपैकीं कांहींही दिसलें तर रात्र असो कीं दिवस, दवाखाना गांठावा. आंतील भाग बाहेर आलाच तर तो बोटांनीं आंत ढकलूं नये. उकळून गार केलेल्या पाण्यांत भिजविलेलें स्वच्छ सुती फडकें त्यावर हलकेंच ठेवावें, मांजराला चाटूं देऊं नये व निघावें. पारोळें, एरंडोल अशा मधल्या गांवच्या लोकांनीं तर शस्त्रक्रियेच्या दिवशींच ठरवून ठेवावें कीं रात्रीं वाहन कोणाचें, आणि जळगांवकडे जावयाचें कीं धुळ्याकडे. पशुवैद्याचा दूरध्वनि-क्रमांक भिंतीवर लिहून ठेवावा व निघण्यापूर्वीं बोलून घ्यावें. प्रवासासाठीं झांकणाची पक्की टोपली किंवा पेटी असावी. मांजर मांडीवर किंवा पिशवींत नेऊं नये. हिसक्यानें पोटाला ताण बसतो, आणि कर्ण्याच्या आवाजानें भ्यालेलें मांजर हातांतून निसटतें. उन्हाळ्यांत शक्य तर पहांटे निघावें. उभ्या मोटारींत त्याला क्षणभरही एकटें सोडूं नये.

सारें सुरळीत चाललें तर दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान कातडीचे टाके काढतात. ते घरीं कात्रीनें काढूं नयेत. जखम जुळली कीं नाहीं हें पाहणें हाही त्या भेटीचा हेतु असतो. लिहून दिलेलें औषध मांजर बरें दिसूं लागलें म्हणून मध्येंच सोडूं नये. टाके निघाल्यावर गळ्यांतला पट्टा केव्हां काढावयाचा आणि उड्या मारूं द्यावयाच्या केव्हां, हें त्याच वेळीं विचारून घ्यावें. ज्या मांजरीचें अंडाशय काढलें आहे, तिची अन्नाची गरज पुढें कांहींशी कमी होते व भूक मात्र वाढते. म्हणून तिचें खाणें बेतानें ठेवावें. भादरलेल्या जागीं नवी लव कांहीं आठवड्यांत उगवते.

एवढ्या अवधींत घरच्या माणसांनीं केलेलें काम मोजूं गेलें तर फार थोडें भरेल : स्वच्छ खोली, बांधलेला पट्टा, वेळचें औषध, कोमट घास, दोन वेळां पाहिलेली जखम आणि वहींतल्या चार ओळी. हळद नाहीं, गोळी नाहीं, आंघोळ नाहीं, कोडकौतुक नाहीं. ज्या प्राण्याला आपलें दुखणें सांगतां येत नाहीं, त्याच्या बाबतींत पाहणें हीच सेवेची पहिली पायरी आहे. ज्या घरानें हे दहा-चौदा दिवस धीरानें व डोळसपणें काढले, त्या घरांतलें मांजर बहुधा पुन्हां कपाटावर चढतें. आणि त्या दिवशीं त्याला खालीं उतरविण्याची कोणालाही घाई नसते.